पिशवी उघडायला लावण्याची विद्या

नवख्या डॉक्टरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका. मुक्काम पोस्ट वैराग, तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर.

पात्रता: कुठल्याही पॅथीची पदवी चालेल. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असावं. ते कुणी वाचत नाही, पण नसलं तर पहिल्याच दिवशी गावभर होतं.

साहित्य: टेबल एक. खुर्च्या तीन, कारण पेशंट एकटा येत नाही. रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा, ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या. कोऱ्या कागदांचा गठ्ठा. आणि एक चेहरा. चेहऱ्याची तयारी कशी करायची ते पुढे येईल.

उद्दिष्ट: तुमच्या गोळ्यांखेरीज समोरचा माणूस जे चूर्ण, काढा, भस्म, रस, कॅप्सूल आणि 'पुण्याच्या पोरानं पाठवलेलं' घेतो, ते त्याच्या तोंडून काढून घेणं आणि त्यातलं काय चालू द्यायचं, काय थांबवायचं हे आधारासह सांगणं. 'आधारासह' हे पद महत्त्वाचं आहे. आवाज चढवणं हा आधार नव्हे.

पाठ पहिला: प्रश्न

कॉलेजात शिकवलेला प्रश्न असा असतो: 'दुसरं काही औषध चालू आहे का?' तो एकदा जरूर विचारून पाहा. उत्तर 'न्हाय' असंच येईल. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही ऋतूत, तेच येईल. पेशंट खोटं बोलत नाही. जावेनं पंढरपूरच्या वारीतून आणलेलं चूर्ण, भाच्यानं मोबाइलवरून मागवलेल्या कॅप्सूल, चुलीवर उकळलेला काढा, यांपैकी काहीही त्याच्या लेखी डॉक्टरला सांगण्याजोगं नसतं. डॉक्टरनं दिलेलं तेवढं डॉक्टरला सांगायचं, असा साधा हिशेब.

म्हणून प्रश्न बदला. 'सकाळी उठल्यापासून पहिली भाकरी खाईपर्यंत पोटात काय काय जातं?' हा प्रश्न विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं नवशिक्यांना जड जातं, पण ते जमवा. तरीही काही निघालं नाही, तर शेवटचं हत्यार: 'मावशी, पिशवी उघडा बरं, रिपोर्ट बघू.'

पिशवी नायलॉनची असते, बहुधा एखाद्या साडीच्या दुकानाची, दोरे निघालेली. वरून खाली असा क्रम लागतो: चष्म्याचं डबडं, आधार कार्डाची झेरॉक्स, चार घड्या घालून मऊ पडलेला ईसीजी, तंबाखूची चंची, रबर लावलेली ग्लिमेपिराइडची अर्धी पट्टी. त्याच्या खाली वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी आणि कफ सिरपच्या जुन्या बाटलीत भरलेलं तपकिरी, सुंठीचा वास येणारं काहीतरी. रिपोर्ट बाजूला ठेवा. आजचा खरा रिपोर्ट ती पुडी आहे.

पाठ दुसरा: चेहरा

पुडी टेबलावर आली की डॉक्टरच्या भुवया आपोआप वर जातात. हा प्रतिक्षिप्त क्रियेचा प्रकार असून सरावानं तो आटोक्यात येतो. घरी आरशासमोर उभे राहा, समोर हळदीची पूड ठेवा आणि तिच्याकडे आदरानं बघा. साधारण पंधरवड्यात जमतं.

पुढील तीन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका: 'हे कुणी दिलं?', 'मग माझ्याकडे कशाला आलात?' आणि 'आत्ताच्या आत्ता फेका.' या तिन्हींचा परिणाम एकच. पुढच्या खेपेला पिशवी येते, पुडी घरी राहते. तुम्हाला वाटतं तुमचा सल्ला पाळला गेला.

चेहऱ्याचे दोन रोग आहेत, त्यांचीही ओळख करून घ्या. पहिला रोग जडलेला डॉक्टर म्हणतो, 'झाडपाला सगळा थोतांड.' त्याला मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचं नाव सांगावं. १९४९ मध्ये त्यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरच्या चाचणीचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि आपल्या वैद्यांच्या बटव्यातलं ते मूळ जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या टेबलावर गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं, आणि ते बरीच वर्षं रक्तदाबावर सर्रास दिलं जात होतं. त्यानं काही माणसं खिन्न, उदास होतात, हेही मोजमाप केल्यामुळेच ध्यानात आलं.

दुसरा रोग जडलेला म्हणतो, 'आपल्याकडे सगळं आधीच सिद्ध झालेलं आहे.' त्याला गुग्गुळ सांगावा. आपल्याकडच्या संशोधनावरून तो कोलेस्टेरॉलवर गुणकारी मानला गेला आणि त्याचं औषध बाजारात आलं. मग २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची नीट बेतलेली चाचणी झाली, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडं वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं ते वेगळंच. झाड तेच, ग्रंथ तेच. मोजलं तेव्हा निकाल वेगळा आला. हे दोन्ही रोग अंगावर घेऊन हिंडणारे डॉक्टर एकाच गल्लीत दवाखाने थाटून बसलेले असतात, आणि दोघांचेही पेशंट तीच पुडी घेतात.

पाठ तिसरा: कोरा कागद

पुडी उघडली की लिहायला घ्या. कशासाठी घेता, दिवसातून किती, कधीपासून, आणि हे सुरू केल्यावर कुठली गोळी सोडली. चौथा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारायचा. कितीतरी वेळा पुडीत निव्वळ त्रिफळा असतो, त्यानं फार तर पोट साफ होतं. पण त्या भरवशावर रक्तदाबाची गोळी महिनाभर बंद असते, आणि अर्धांगाचा झटका त्या बंद गोळीमुळे येतो. मग गावात चर्चा रंगते ती मात्र 'त्या गोळीनंच झालं' अशी.

आता प्रात्यक्षिक. समजा साठीच्या एक मावशी आल्या आहेत, साखरेच्या पेशंट.

'मावशी, साखरेला काय काय घेता?'

'तुमची गोळी घेती की.'

'आणखी?'

'आन काय... सकाळी कारल्याचा रस. रातीची भिजिवलेली मेथी. जांभळाच्या बियांची पूड. आन त्यो बाजारात बसतो त्या बाबाचं चूर्ण.'

'गुण आहे का बाबाच्या चूर्णाला?'

'लई! तासाभरात साखर उतरती. मिशनीवर बघितलीया पोरानं.'

इथं पेन थांबवा. तासाभरात! मेथी, कारलं, जांभूळ यांच्यावर छोट्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत. काहींत साखर थोडीशी उतरलेली दिसते, पण बहुतेक चाचण्या लहान आणि कच्च्या बांधणीच्या आहेत. शिवाय ही मंडळी सावकाश काम करतात, गोळीची जागा घेत नाहीत. तासाभरात साखर पाडणं हे गोळीचं काम. साखरेच्या 'वनस्पतिजन्य' चूर्णात ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची गोळी दळून मिसळलेली सापडल्याच्या नोंदी आपल्याकडे आणि परदेशातही आहेत. म्हणजे मावशी तुमची ग्लिमेपिराइडही घेतात आणि बाबाच्या नावानं तिची बहीणही घेतात.

पुढचा प्रश्न: 'अकरा-बाराच्या सुमाराला घाम फुटून हातपाय थरथरतात का?' उत्तर येईल, 'तुरीच्या रानात व्हतंय कवाकवा. उन्हाचं आसंल.' उन्हाचं असेलही. पण लगेच ग्लुकोमीटर लावा. सत्तरच्या खाली आकडा असेल तर आधी साखर-पाणी, मग उपदेश. म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं मंद असली, तर या जातीच्या गोळ्यांनी पडलेली साखर वर येऊन काही तासांनी पुन्हा पडते. तेव्हा बिस्किट खायला घालून घरी पाठवू नका, दाखल करून रात्रभर लक्ष ठेवा.

आता सल्ला. बाबाचं चूर्ण बंद, आणि का बंद ते बाबाला शिव्या न देता सांगायचं: 'यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नाही, आणि साखर फार वेगानं पडतेय.' कारल्याची भाजी, मेथीची भाजी खुशाल खा. रस आणि पूड घ्यायचीच असेल तर मला सांगून, रोज साखर तपासून, आणि गोळी न सोडता. शेवटी एक नियम, जो सगळ्या पाठांना लागू: जे चालू ठेवायला परवानगी दिली तेही केसपेपरवर लिहायचं. तुमच्या नंतर येणारा डॉक्टर मावशींचा भाचा नसतो, त्याला कोण सांगणार?

पाठ चौथा: गुळवेल

हा पाठ नीट वाचा, कारण कोविडनंतर वैरागातल्या बऱ्याच अंगणांत कडुलिंबावर चढवलेली गुळवेल आहे आणि ती तोडून काढा करणाऱ्या माणसाला वाटतं, ही तर आमच्याच लिंबावरची, हिच्यात भेसळ कसली?

घडलं असं. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण डॉक्टरांच्या नजरेत भरले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. त्याचा निबंध २०२१ मध्ये छापून आला. आयुष मंत्रालयानं लगोलग हरकत घेतली की हे दिशाभूल करणारं आहे, कदाचित गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असेल. हरकत अगदीच पोरकट नव्हती. सारखी दिसणारी वेल खरोखरच आहे. पण पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती गोळा केली, तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं. स्वतःच्या शरीरानं स्वतःच्याच यकृतावर हल्ला करावा तशा प्रकारची सूज, आणि ज्यांना थायरॉइडसारखे स्वप्रतिकाराचे आजार आधीपासून आहेत त्यांना धोका जास्त. प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून जे घेतात, ते ती आधीच भलतीकडे वळलेल्या माणसानं घेऊ नये, इतकं तर समजतं.

पण हीच गुळवेल पुण्यातही तपासली गेली आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांची चाचणी घेतली. कोण काय घेतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. सुंठ-गुळवेल घातलेली आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीस तोड ठरली. तो निबंध २०१३ मध्ये आला. आयुर्वेदवाले हा भाग अभिमानानं सांगतात आणि सांगावाच. त्याच निबंधात पुढे असंही आहे की आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांचं यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी काहीच त्रास नसताना वाढलं, आणि औषध थांबवल्यावर उतरलं. एकाच कागदावर गुणही आहे आणि इशाराही. इतका प्रामाणिक कागद फार क्वचित मिळतो. त्याची झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली ठेवायला हरकत नाही.

तेव्हा गुळवेल घेणाऱ्याला काय सांगायचं? थायरॉइड, आमवात, सोरायसिस, ल्युपस असलेल्याला: नको. आधीच यकृताचा आजार किंवा रोज दारू असलेल्याला: नको. ठणठणीत माणसाला: कायमचा रोजचा काढा कशाला? घ्यायचाच असेल तर काही दिवस, आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली तर त्याच दिवशी थांबवून रक्त तपासायचं. हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. 'कावीळ' हा शब्द लिहा. 'हिपॅटायटिस' लिहिलात तर तो मेडिकलवाल्याला वाचून दाखवला जाईल आणि मेडिकलवाला एखादं लिव्हर टॉनिक देईल.

अश्वगंधेबद्दलही थोडंफार हेच. ताण आणि झोप यांवर लहान, अल्पकाळाच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसतो, पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, थायरॉइडच्या आकड्यांशी ती खेळते, आणि गरोदरपणी टाळलेली बरी. डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. त्यावरून घाबरून जायचं कारण नाही, पण तिला दुधातली साखर समजून रोज पोराटोरांना पाजायचंही कारण नाही.

हळद? भाजीतली हळद बिनधास्त. गोष्ट वेगळी होते ती कॅप्सूलमध्ये. तिथं कर्क्युमिन घट्ट करून, वर मिरीचा अर्क घालून ते शरीरात अनेक पटींनी शोषलं जाईल अशी व्यवस्था केलेली असते, आणि अशा कॅप्सूलांमुळे यकृत सुजल्याच्या नोंदी अमेरिकेत जमल्या आहेत. जाता जाता: अमेरिकेनं १९९५ मध्ये जखमेवरच्या हळदीचं पेटंट देऊन टाकलं होतं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं पुराव्यानिशी भांडून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. हळदीच्या अभिमानाची जागा तिथं आहे. कॅप्सूलच्या डबीवर नाही.

पाठ पाचवा: गुडघ्याची पुडी

ऊस तोडून, ज्वारी काढून झिजलेले गुडघे घेऊन जो येतो, त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकू आलं की कान टवकारा: 'तीन दिसांत पळाया लागलो, डाक्टर.' झिजलेल्या कूर्चेला तीन दिवसांत पळायला लावणारी वनस्पती अजून उगवलेली नाही. स्टिरॉइड मात्र हे करतं. गुडघ्याच्या आणि दम्याच्या सुट्या पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड सापडल्याचं पुन्हा पुन्हा नोंदलं गेलंय.

ओळखायचं कसं? चेहरा चंद्रासारखा गोल झालाय, पाठीवर चरबीचा उंचवटा, पोट सुटलंय पण हातपाय काटक्या, दंडावर जरा धक्का लागला की काळंनिळं, आणि नुकतीच लागलेली साखर. घरचे म्हणतात, 'तब्येत सुधारली बघा!' सुधारली नाही, सुजली.

इथं नवशिक्याकडून सगळ्यात घातक कृती होते. तो पुडी हिसकावून केराच्या डब्यात टाकतो. शरीर बाहेरच्या स्टिरॉइडवर विसंबून राहिलं की स्वतःचं बनवणं सोडून देतं. पुडी एकाएकी बंद झाली तर तो माणूस दोन-चार दिवसांत उलट्या, अशक्तपणा, पडलेला रक्तदाब घेऊन परत येतो, किंवा येतच नाही. म्हणून रक्तदाब, साखर, सोडियम बघा, जमलं तर सकाळचं कॉर्टिसॉल करा, आणि मोजलेल्या प्रेडनिसोलोनवर आणून हळूहळू उतरवा. जमत नसेल तर सोलापूरला पाठवा. पुडीवाल्यावर राग काढायला पुढे आयुष्य पडलंय.

पुडीत आणखी काय असू शकतं? बॉस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये छापून आलं. कारण न सापडणारी पोटदुखी, रक्त कमी, हातात जोर नाही, आणि भस्माची डबी पिशवीत: अशा वेळी रक्तातल्या शिशाची तपासणी सुचवा. परवानाधारक औषधाच्या डबीवर घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. बिब्बा, बचनाग, जमालगोटा, धोत्रा यांसारखी विषारी द्रव्यं असली तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही छापावी लागते. सुट्या पुडीवर जुनी क्रिकेटची बातमी असते. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब 'मुळापासून बरा' अशा जाहिराती करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे, हे पेशंटला जरूर सांगा. तो विचारेल, 'मग भितीवर लिवलंय त्ये?' त्याचं उत्तर या मार्गदर्शिकेत नाही.

पाठ सहावा: डॉक्टरची स्वतःची पिशवी

हा पाठ ऐच्छिक आहे. बहुतेक जण वगळतात.

पुडीवर नाक मुरडणारा डॉक्टर दुपारी अंग मोडून आलेल्या शेतमजुराला पिवळी सलाईन लावतो, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन देतो आणि लाल टॉनिकची बाटली लिहितो. पुरावा? पेशंट मागतो म्हणून. म्हणजे बाबाचा आणि आपला पुरावा सारखाच. 'व्हिटॅमिन आहे, नुकसान तर नाही' हेही आपण सर्रास म्हणतो. फिनलंडमधल्या, १९९४ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्या विडी-सिगारेटवाल्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला. गाजरातलं तेच द्रव्य. अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांना ड जीवनसत्त्व रोज देऊन पाहिलं; ना कर्करोग कमी झाले, ना हृदयविकार. कमतरता असलेल्याला ते द्यायचंच, पण प्रत्येक कंबरदुखीला साठ हजार युनिटची पुडी ही आपलीच पुडी आहे.

जे द्यायला हवं ते मात्र आपण विसरतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांना रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. त्यांना लोहाची साधी गोळी हवी, चहासोबत नको आणि कॅल्शियमसोबतही नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी सापडलं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यात ते आणखी उतरतं. तळपायाला मुंग्या येतात म्हणणारे आमचे माळकरी आजोबा, माळ घातल्यापासून मांसमच्छी सोडलेले आणि दहा वर्षं साखरेच्या गोळीवर असलेले, त्यांना बी-१२ तपासा. पूरक आहारातलं खरं सोनं इथं आहे, आणि ते स्वस्त असल्यामुळे त्याची जाहिरात कुणी करत नाही.

किरकोळ पण उपयोगी: खोकल्यावर रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्याचा रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, म्हणून गोळी वाढवण्याआधी विचारा. इसबगोल बद्धकोष्ठाला उत्तम, कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं, पण भरपूर पाण्यासोबत आणि इतर गोळ्यांपासून लांब. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर. डेंग्यूत पपईच्या पानांच्या रसानं प्लेटलेट वाढल्याचं काही चाचण्यांत दिसतं. त्यानं जीव वाचतो हे दिसलेलं नाही, आणि सलाईनची वेळ चुकवून तो पाजणं महागात पडतं. मुतखड्यावर हुलग्याचं माडगं: पिऊ द्या, पाणी तरी पोटात जातं, पण ताप आणि लघवी बंद असेल तर माडग्याची वाट बघायची नाही.

आणि स्तनातली गाठ. 'दुखत न्हाय, लेप लावतीय' हे वाक्य ऐकलं की बाकी सगळे पाठ बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगावर फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्या बायकांना मृत्यूचा धोका पाच पटींहून जास्त निघाला. बार्शी इथून वीसेक किलोमीटर. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयानं टाटा रुग्णालयाच्या आणि परदेशी तज्ज्ञांच्या सोबतीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये दाखवून दिलं की गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदाच केली तरी त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. त्यावर आज जगभर विसंबतात. आपल्या शेजारच्या खेड्यातल्या बायकांनी दिलेला पुरावा आहे हा. बाईला बार्शीच्या एसटीत बसवताना तेवढं सांगितलं, तर ती बसते.

शंकासमाधान

'आमच्या आजोबांनी हेच चूर्ण जन्मभर घेतलं, नव्वद वर्षं जगले.' — आजोबांच्या चूर्णाला कुटायला आजी होत्या. शिवाय आजोबा सोबत ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची गोळी आणि ॲस्पिरिन घेत नव्हते. यावर वाद घालू नये, फक्त आजोबांचं वय कौतुकानं ऐकून घ्यावं.

'नैसर्गिक आहे ना, मग?' — धोत्रा नैसर्गिकच. हे हसत सांगावं, नाहीतर भांडण होतं.

'ऑपरेशन ठरलंय, काय सांगू?' — लसणाच्या, आल्याच्या, जिन्कोच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद. भाजीतला लसूण राहू द्या.

'त्रास झालाय असं वाटलं तर कळवायचं कुठं?' — औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचा टोल फ्री क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. आयुष औषधांसाठीही स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था आहे. पुडीचा नमुना ठेवून घ्या, कागदासकट.

'एवढं समजावूनही मावशी पुन्हा पुडी सुरू करतील का?' — करतील. म्हणून पुढची तारीख बाजारच्या दिवसाची द्या. त्या दिवशी त्यांचं वैरागला येणं होतंच, बाबाही तिथंच बसलेला असतो, आणि नवी पुडी टेबलावर ताजी येते.